जिल्ह्याचं सरकार

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. तेव्हा आजचा विषय मी जिल्हा परिषदेवरच आणणार आहे. निमंत्रणपत्रिकेत ‘सत्तेचं विकेंद्रीकरण’ असं छापलं आहे. हा विषय निघाला की आपण ग्रामसभा, आदर्श गाव, ग्रामस्वराज्य यांच्याकडे वळतो. मलाही ते सगळं प्रिय आहे. पण महाराष्ट्रातला विकेंद्रीकरणाचा सर्वांत मोठा प्रयोग जिल्ह्याच्या पातळीवर झाला. १९६२ साली तो जोमाने सुरू झाला. पुढच्या साठ वर्षांत कायदा पुस्तकात तसाच राहिला आणि त्यातली सत्ता एकेका शासन निर्णयाने मुंबईकडे परत गेली. आपलं लक्ष गावाकडे होतं, त्यामुळे जिल्हा हातातून कधी निसटला ते आपल्याला कळलं नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे.

आधी अगदी अलीकडचं. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात, मार्च २०२२ पासून, आयुक्त हेच प्रशासक होते. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या चर्चेविना मंजूर झाला. राज्यातल्या ३४ पैकी बहुतेक जिल्हा परिषदांची मुदतही मार्च २०२२ मध्येच संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाती प्रशासकपद आलं. ओबीसी आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घातलेल्या अटी पूर्ण व्हायच्या होत्या, हे खरं. पण त्या निमित्ताने प्रभागांची संख्या आणि रचना पुन्हा पुन्हा बदलली गेली. मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि परत २२७ झाले. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं. त्यालाही मुदतवाढ घेऊन डिसेंबरमध्ये नगरपरिषदा, जानेवारीत महापालिका असा क्रम लागला. जिल्हा परिषदांचा नंबर सगळ्यात शेवटी. घटनेचं कलम २४३-ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. विधानसभा चार वर्षं अशी रिकामी राहिली असती तर देश हादरला असता.

मला याहून जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. जिल्हा परिषदेचं सभागृह चार वर्षं बंद राहिलं आणि गावागावांत त्याची उणीव फारशी कुणाला भासली नाही. मोर्चे निघाले नाहीत. ज्यांना तिकीट हवं होतं ते सोडून कुणी बेचैन झालं नाही. रस्त्यासाठी, सभामंडपासाठी, पाण्याच्या टाकीसाठी लोक आमदारांकडे जात होते, पालकमंत्र्यांच्या जनता दरबारात उभे राहत होते, आणि कामं होत होती किंवा होत नव्हती, पूर्वीसारखीच. एखादी संस्था नसली तरी चालतं असं लोकांना वाटू लागतं, तेव्हा ती बरखास्त व्हायच्या कितीतरी आधी रिकामी झालेली असते. ती रिकामी कशी झाली ते पाहायचं तर ती मुळात काय होती इथून सुरुवात करायला हवी.

१९५७ साली बळवंतराय मेहता समितीने देशासाठी तीन स्तरांची व्यवस्था सुचवली आणि २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानात नागौरला पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. मेहता समितीचा सगळा भर गटावर, म्हणजे आपण ज्याला पंचायत समिती म्हणतो त्यावर होता. जिल्ह्याच्या परिषदेचं काम तिने सल्ला आणि देखरेख एवढंच ठेवलं होतं, आणि अध्यक्ष म्हणून कलेक्टर. महाराष्ट्राने हे जसंच्या तसं उचललं नाही. राज्य स्थापन झाल्याबरोबर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६१ मध्ये अहवाल आला, त्याच वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा कामाला लागल्या. अहवालापासून अंमलापर्यंत जेमतेम वर्षभराचा काळ. इच्छा असली की सरकार किती वेगाने सत्ता सोडू शकतं, याचं हे आपल्या घरचं उदाहरण आहे.

नाईक समितीचा विचार व्यवहारी होता. विकासाची कामं पेलायला लागणारा पैसा, तज्ज्ञ आणि यंत्रणा जिल्ह्याच्या पातळीवरच एकत्र येऊ शकतात, म्हणून खरी सत्ता तिथेच द्या, असं तिने सांगितलं. त्यापुढे तिने जे दोन निर्णय घेतले ते मला आजही धाडसाचे वाटतात. एक, कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवलं आणि त्याच तोलाचा आयएएस अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून निवडून आलेल्या सभागृहाला बांधून दिला. शेतकऱ्याच्या घरातून आलेला अध्यक्ष खुर्चीवर आणि त्याच्या शेजारी ठराव अमलात आणणारा सीईओ, हे दृश्य १९६२ पर्यंत या देशात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. दुसरा निर्णय असा की आमदार आणि खासदारांना जिल्हा परिषदेत जागाच ठेवली नाही. ज्यांचं काम कायदे करण्याचं आहे त्यांनी जिल्ह्याच्या कारभारावर सावली धरू नये, हा त्यामागचा हेतू. प्राथमिक शाळा आणि त्यांचे शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रं, गुरांचे दवाखाने, जिल्हा रस्ते, लहान पाटबंधारे, शेतीविस्तार, समाजकल्याण, सगळं माणसांसकट परिषदेकडे आलं.

त्यातून माणसंही घडली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील अकरा वर्षं सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं, ते गावची नस ठाऊक असल्यामुळे. मात्र या काळाला सुवर्णयुग म्हणायला मी तयार नाही. पुणे विद्यापीठाच्या डॉ. व. म. सिरसीकरांनी त्याच दशकात या नव्या ग्रामीण नेतृत्वाचा अभ्यास केला होता. जमीनदार, बहुसंख्य जातीतली, सहकारी संस्थांत आधीच वजन असलेली माणसंच परिषदांवर होती. भूमिहीन आणि दलित नाममात्र, बायका तर जवळजवळ नाहीतच. ही गोष्ट मी आत्ताच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिच्याकडे यावंच लागणार आहे.

आता परिषद रिकामी कशी झाली ते. पहिलं दुखणं आमदारांचं होतं. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आमदारापेक्षा मोठा झाला. त्याच्या हाती बदल्या, रस्ते, शाळा. आमदाराच्या हाती विधानसभेतलं भाषण. हे फार दिवस सहन होण्यासारखं नव्हतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे निवडणूकच न घेणं. १९६२, १९६७, १९७२ आणि १९७९ अशा निवडणुका झाल्या, आणि त्यानंतरची झाली १९९२ ला. पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्यांच्या जागी तेरा वर्षांनी नवे लोक आले. तेव्हा असं करण्यापासून अडवणारं घटनेत काही नव्हतं. २०२२ मध्ये होतं, तरी ते झालं. त्यामुळे या दोन काळांतलं साम्य मला फरकापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

दुसरी वाट नियोजनाची. १९७४ मध्ये राज्यात जिल्हा नियोजन व विकास मंडळं आली. जिल्ह्यात कोणतं काम घ्यायचं, कशावर किती खर्च करायचा, हे ठरवण्याची जागा जिल्हा परिषदेच्या सभागृहातून उठून पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत गेली. ज्या कलेक्टरला नाईक समितीने बाहेर ठेवलं होतं, तो सदस्य-सचिव म्हणून परत आत आला. पुढे घटनेनेच जिल्हा नियोजन समिती सांगितली आणि तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत असं ठरवलं. महाराष्ट्राने १९९८ मध्ये तसा कायदा केला, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर पालकमंत्रीच ठेवला. केरळमध्ये त्या खुर्चीवर जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष बसतो. आपल्याकडे पालकमंत्रिपदावरून सरकारातले पक्ष आपसात किती भांडतात हे आपण दरवेळी पाहतो. जिल्ह्याची तिजोरी कुठे आहे हे त्या भांडणावरून कळतं.

मग माणसं गेली. १९९८ च्या सुमारास शेतीविस्ताराची बरीचशी कामं आणि कर्मचारी राज्याच्या कृषी खात्याकडे गेले. शिक्षक कागदोपत्री जिल्हा परिषदेचेच राहिले, पण त्यांची भरती राज्याच्या पोर्टलवर आणि बदल्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्या. इथे मी थांबून एक कबूल केलं पाहिजे की या बदलाचं स्वागत बऱ्याच शिक्षकांनीही केलं. बदल्यांच्या मोसमात सदस्यांच्या दारात उभं राहणं, पाकिटं, शिफारशी, हे त्यांनी वर्षानुवर्षं भोगलं होतं. गुरुजींच्या पिढीनेही भोगलं. जिल्हा परिषदेने हाती आलेली सत्ता वाईट वापरली, म्हणून ती काढून घेताना कुणी अडवलं नाही. पण त्यावर उपाय दोन होते. जिल्ह्यातच बदल्यांचे नियम पक्के करायचे, यादी जाहीर करायची, तक्रार ऐकायला जागा करायची, हा एक. सगळी सत्ता मंत्रालयात न्यायची, हा दुसरा. आपण दरवेळी दुसराच निवडला. आता गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यातल्या शाळेला शिक्षक का नाही याचं उत्तर त्या जिल्ह्याच्या शिक्षण सभापतीकडे नसतं.

शेवटी पैसा. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. एकोणतीस विषयांची अकरावी अनुसूची, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांना राखीव जागा, सगळं घटनेत आलं. त्याच वर्षी डिसेंबरात खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला. सुरुवातीला पाच लाख, मग एक कोटी, दोन कोटी, २०११ पासून वर्षाला पाच कोटी. महाराष्ट्रात आमदारांचाही आता तेवढाच. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. एका हाताने घटनेने सांगितलं की गावचा रस्ता पंचायत ठरवेल, दुसऱ्या हाताने खासदाराला तो रस्ता वाटण्याचं पाकीट मिळालं. त्याच्या जोडीला ग्रामविकास खात्यातलं ते लेखाशीर्ष, ज्याला गावोगाव नुसतं ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. गावांतर्गत मूलभूत सुविधा हा त्याचा हेतू, म्हणजे शंभर टक्के पंचायतीचं काम. पण कामांची यादी लोकप्रतिनिधींनी सुचवायची आणि मंजुरी मुंबईतून यायची. निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य आपल्याच गटातल्या गटारीसाठी आमदाराचं पत्र मिळवायला धावतो. सरकार बदललं की मंजूर कामांना स्थगिती येते हेही आपण पाहिलं आहे. गटारीचा आणि सरकार पडण्याचा संबंध असावा, ही व्यवस्था लोकशाहीला शोभणारी नाही.

मुंबई गावाला हवं तसं वळवते याचं आणखी एक उदाहरण देतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते रद्द केलं. २०२२ मध्ये तिसऱ्या सरकारने पुन्हा आणलं. थेट निवड बरी की सदस्यांमधून, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझा कल सदस्यांमधून निवडण्याकडे आहे, कारण त्यात सरपंचाला बाकीच्यांना बरोबर घ्यावं लागतं. पण पाच वर्षांत तीनदा बदलण्यात गावाचं मत कुणी विचारलं? राज्यातल्या सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींपैकी एकीलाही नाही.

हे दुखणं फक्त आपलं नाही, आणि सत्ता खाली देणं नेहमी लोकशाहीच्या प्रेमातूनच होतं असंही नाही. पाकिस्तानात तर ते बहुतेक वेळा लष्करशहांनी केलं. अयूब खानांनी १९५९ मध्ये ‘बेसिक डेमोक्रसीज’ आणल्या. ऐंशी हजार स्थानिक सदस्य निवडले गेले आणि त्यांच्याच मतांवर अयूबांनी स्वतःला राष्ट्राध्यक्ष ठरवून घेतलं. मुशर्रफांनी २००१ मध्ये नाझिम, म्हणजे स्थानिक संस्थांचे निवडून आलेले प्रमुख, आणले. हेतू प्रांतांना आणि पक्षांना वळसा घालण्याचा. परिणाम असा झाला की निवडून आलेली सरकारं परत आली तेव्हा त्यांना स्थानिक संस्था या हुकूमशहाचंच पिल्लू वाटल्या. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने प्रांतांना भरपूर अधिकार दिले, आणि प्रांतांच्या राजधान्यांनी ते स्वतःजवळच ठेवले. दिल्लीकडून राज्यांसाठी भांडणारी आणि खाली मात्र काही न सोडणारी आपली राज्यं त्याहून वेगळी वागतात असं मला म्हणता येत नाही. विकेंद्रीकरणाची वाट सर्वांत जास्त अडते ती राज्याच्या राजधानीत.

इंडोनेशियाने हे ओळखलं. १९९८ मध्ये सुहार्तो गेल्यावर तिथे १९९९ मध्ये दोन कायदे झाले आणि जानेवारी २००१ पासून सत्ता प्रांतांना वगळून थेट जिल्ह्यांकडे गेली. प्रांत बलवान झाले तर देशातून फुटतील ही भीती त्यामागे होती. सुमारे वीस लाख सरकारी कर्मचारी जिल्ह्यांकडे वर्ग झाले. गोंधळ झाला, भ्रष्टाचारही जिल्ह्यांत पोचला, नव्या जिल्ह्यांचं पेव फुटलं. २०१४ मध्ये त्यांनी जंगल, खाणी, माध्यमिक शिक्षण पुन्हा प्रांतांकडे दिलं. ते बरोबर की चूक, तिथले लोक जाणोत. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं: परत घेतलं ते संसदेत कायदा करून, उघडपणे. महाराष्ट्रात १९६२ नंतर जे परत घेतलं गेलं, त्यातल्या बहुतेक गोष्टींवर विधानसभेत तासभर चर्चाही झाली नाही.

भारतातलं सगळ्यात मनावर घेण्यासारखं उदाहरण केरळचं आहे. १९९६ मध्ये तिथल्या डाव्या आघाडीच्या सरकारने लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे आधी क्षमता येऊ द्या, मग पैसा देऊ, असं म्हटलं जातं. त्यांनी आधी पैसा दिला. पैसा आला म्हणून लोक ग्रामसभेला आले, निवृत्त अभियंते आणि शिक्षक आराखडे तपासायला बसले, चुका झाल्या, काही ठिकाणी निधी वाया गेला, आणि काम शिकलं गेलं. २००१ मध्ये सरकार बदललं. नव्या आघाडीने मोहिमेचं नाव बदललं, पण निधी थांबवला नाही, कारण तोवर प्रत्येक पक्षाचे हजारो सदस्य पंचायतींत होते आणि त्यांना त्या पैशाची किंमत कळली होती.

केरळची नक्कल आपल्याला तशीच्या तशी करता येणार नाही, हेही सांगतो. तिथे साडेनऊशेच्या आत ग्रामपंचायती आहेत. एकेका पंचायतीत पंचवीस-तीस हजार लोक. त्यांना अभियंता, कृषी अधिकारी, आरोग्य केंद्र परवडतं. आपली ग्रामपंचायत अनेकदा दोन हजार वस्तीची असते आणि एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो; आता त्याचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावं तेवढीच आहेत. अशा पंचायतीकडे एकोणतीस विषय दिले तर तिचं कंबरडं मोडेल. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षं पंचायतींसाठी दोन लाख कोटी रुपये दिले, पण सगळे ग्रामपंचायतींना. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला काहीच नाही. गावाला पैसा मिळाला म्हणून आपण आनंदलो. केरळला ते फारसं अडचणीचं नव्हतं. महाराष्ट्रात मात्र जी संस्था अभियंते, डॉक्टर, शिक्षक बाळगून आहे तिचेच हात रिकामे राहिले. पंधराव्या आयोगाने त्यात थोडी दुरुस्ती करून दहा-दहा टक्के हिस्सा या दोन्ही संस्थांना दिला, आणि नेमक्या त्याच काळात निवडणुका नसल्यामुळे त्यावरही पाणी पडलं, कारण निवडून आलेली संस्था नसेल तर हे अनुदान मिळत नाही.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे येतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावावर जी टीका केली ती आपल्याला माहीत आहे. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही त्यांची भूमिका तीच होती: नुसता प्रौढ मताधिकार पुरणार नाही, अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर ही पंचायत बहुसंख्यांच्या हातातलं हत्यार होईल. विकेंद्रीकरणाच्या बाजूने बोलणारे बरेच जण या आक्षेपाला आदराने वळसा घालतात. मला तो आक्षेप या विषयाचा पायाच वाटतो. ज्याच्या शेतात मजुरीला जायचं त्याच्याच विरुद्ध ग्रामसभेत बोट कसं वर करायचं, हा प्रश्न १९३२ ला होता, आजही आहे. राखीव जागा घटनेत यायला त्यानंतर साठ वर्षं लागली. महाराष्ट्राने स्त्रियांसाठी १९९० च्या सुमारास ३० टक्के आणि २०११ मध्ये ५० टक्के जागा राखल्या. सरपंचपती आहेत, दलित सरपंचाला खुर्ची न देण्याचे प्रकार आहेत, अविश्वास ठराव आहेत. पण बंगालमध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की जिथे प्रधानपद स्त्रीला राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त पैसा गेला. म्हणजे सभागृहात कोण बसतं यावरून हंडा किती लांबून आणावा लागतो ते ठरतं.

याच आक्षेपामुळे मी गावापेक्षा जिल्ह्यावर जास्त विश्वास टाकतो. गावात एकच आवाज असू शकतो. जिल्ह्यात पन्नास-साठ गटांतून आलेले, निरनिराळ्या जातींचे, पक्षांचे, तालुक्यांचे सदस्य असतात. एका वाड्याची दहशत तिथे चालत नाही. मंत्रालयाइतका तो लांबही नसतो. एस.टी.ने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

आणि तरी मेंढा-लेखाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. धानोरा तालुक्यातलं ते गोंडांचं गाव, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणणारं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत वर्षानुवर्षं जोपासली. वनहक्क कायदा २००६ चा; २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वनखातं वाहतूक परवाना देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपण या गावाकडे निष्ठावान माणसांची कहाणी म्हणून पाहतो, आणि ती आहेच. पण आज तिथला बांबू ग्रामसभा विकते, कारण तो तिचा कायद्याने ठरलेला हक्क आहे. पुढच्या सरकारला तो एका शासन निर्णयाने काढून घेता येत नाही. जिल्हा परिषदेकडे नाही ते हेच.

आपल्या स्वतःच्या बाजूचंही थोडं बोलतो. रिझर्व्ह बँकेने पंचायतींच्या अर्थकारणावर काढलेल्या अहवालात २०२२-२३ ची देशाची सरासरी दिली आहे: एका ग्रामपंचायतीला स्वतःच्या करांतून मिळतात २१ हजार रुपये, इतर उत्पन्नातून ७३ हजार, आणि केंद्राच्या अनुदानातून सुमारे १७ लाख. ज्या संस्थेचं पोट वरून भरतं ती वर पाहणारच. घरपट्टी थकवायची, पाणीपट्टी माफ होईल म्हणून वाट पाहायची, आणि निधी आणा म्हणून सरपंचाला मुंबईला धाडायचं, ही सवय आपण लावून घेतली आहे. शहरांचंही तसंच झालं. जकात वाईट कर होता, नाक्यावरच्या रांगा आणि चोरी मी विसरलेलो नाही. पण ती महापालिकेच्या हातातली होती. मुंबईला तिच्यातून वर्षाला सुमारे सात हजार कोटी मिळत. जीएसटी आल्यावर तिच्या जागी २०१७ च्या कायद्याने राज्याकडून भरपाई आली, दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. रक्कम मिळते, पण स्वतःचं उत्पन्न असलेली महापालिका भरपाईवर जगणारी झाली. वित्त आयोगाच्या पैशावरही बंधनं: पंधराव्या आयोगाचा साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. त्या मानाने पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट देण्याची २०१५ पासूनची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. रक्कम लहान आहे, पण ती लोकसंख्येच्या हिशेबाने येते, तिच्यासाठी कुणाचं पत्र लागत नाही.

तर करायचं काय? केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या, पंचायतींकडे अधिकार सोपवण्याच्या निर्देशांकात महाराष्ट्र चौथा आला, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूच्या मागे. म्हणजे आपण गेलेल्या बाजारातले नाही. नियोजन समितीचं अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे यावं, शिक्षकांची भरती आणि बदली ठरलेल्या नियमांनी जिल्ह्यात परत यावी, हे मला हवं आहे, पण त्याला कायदा बदलावा लागेल आणि आमदार तो सहजासहजी बदलणार नाहीत. एक गोष्ट मात्र याच वर्षी होऊ शकते. केरळच्या अर्थसंकल्पाला चौथं परिशिष्ट जोडलेलं असतं. त्यात राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेचं नाव असतं आणि पुढे तिला त्या वर्षी मिळणारी रक्कम. विधानसभेने ते मंजूर केलं की मंत्र्याला ती रक्कम कमी-जास्त करता येत नाही. विरोधी पक्षाच्या पंचायतीलाही ती मिळते. सरपंचाला एप्रिलमध्येच कळतं की वर्षभरात हाती काय येणार, आणि गावालाही कळतं, त्यामुळे पैसा कुठे गेला हे विचारता येतं.

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो. त्याला असं परिशिष्ट जोडायला घटनादुरुस्ती लागत नाही. पंचवीस-पंधराचा निधी, जिल्हा वार्षिक योजनेतला ग्रामीण वाटा, राज्य वित्त आयोगाने सुचवलेला हिस्सा, हे सगळं सूत्राने वाटून जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीच्या नावापुढे छापता येतं. नव्याने निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत याची मागणी करणारा ठराव करावा, सर्व पक्षांच्या सह्यांनिशी. जिथे सभागृह अजून भरलेलं नाही तिथे ग्रामसभांनी करावा. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, तेवढे आपण जमवू शकतो. अशा ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. त्यात जिल्ह्याचं आणि गावाचं नाव तेवढं भरायचं आहे. प्रती मागच्या टेबलावर आहेत, ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात, आणि कलमं कुठे कच्ची वाटली तर मी इथेच थांबलो आहे, सांगावं.